मुलाचा पाय वाढत राहतो, फाइल मात्र बंद होते

प्रति,
राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, तसेच मुंबईतील सरकारी व महापालिका रुग्णालयांचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ते सर्व अधिकारी

विषय : लहान मुलांच्या पायाच्या गंभीर दुखापती, पहिले ७२ तास आणि पुढची दहा-बारा वर्षे

स. न. वि. वि.

५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. योजना चांगली आहे. रक्तबंबाळ माणूस दारात आला की आधी डिपॉझिट मागायचे नाही, एवढे जरी तिने साधले तरी पुष्कळ. पण सहा वर्षांच्या मुलाच्या पायावरून टेम्पोचे चाक गेले, तर सातव्या दिवशी ते मूल कुठे असते? सगळे वेळेवर झाले तर जखम दोनदा धुऊन झालेली असते, हाड बाहेरून फिक्सेटर (हाडात घातलेल्या पिना धरणारा सांगाडा) लावून धरलेले असते आणि उघड्या हाडावर फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट आणलेला कातडी-स्नायूचा तुकडा, बसवून तीन-चार दिवस झालेले असतात. वेळेवर झाले नसेल तर सातव्या दिवशीही ते ‘ओटी (ऑपरेशन थिएटर) मिळाली की घेऊ’ या यादीतच असते. जखम भरली तरी पायाची वाढ मुलींत साधारण १४ आणि मुलांत १६ व्या वर्षापर्यंत चालू राहते. सात दिवसांच्या हिशोबात हे कुठे बसत नाही. आपल्या रुग्णालयांच्या हिशोबातही बसत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते उघडे.

आम्ही हाडांच्या, प्लास्टिक सर्जरीच्या, भूल देण्याच्या, फिजिओथेरपीच्या आणि कृत्रिम पाय-बूट बनवण्याच्या कामातली माणसे आहोत. कोणत्याही एका रुग्णालयाचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एका इमारतीचा नाही. कुठल्या मुलाची करुण कहाणीही सांगत नाही. तशा कहाण्या आल्या की चार दिवस हळहळ होते, एखादा मदतनिधी उभा राहतो आणि पद्धत होती तशीच राहते. आम्हाला पद्धतीबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात सगळ्यात फसव्या दुखापतीपासून करतो. मोटारसायकलवर मूल मागे बसलेले, पाय लोंबकळणारे, आणि वळणावर टाच मागच्या चाकात जाते. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर लिहिले जाते, ‘चाकात पाय गेला’. यात एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. स्पोक कातडी कापतो. फिरते चाक पाऊल ओढून गाडीच्या सांगाड्यावर चेंगरते. आणि त्या ओढीने टाचेची कातडी आतल्या थरापासून सोलली जाते. बाहेरून दिसते ती फक्त पहिली गोष्ट. एक्स-रे बहुतेकदा साफ असतो. मग ‘हाड शाबूत आहे’ म्हणून पाच-सहा टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि घरी. टाके घट्ट, आत सूज वाढतेय. तिसऱ्या दिवशी कड जांभळी पडते, सातव्यापर्यंत काळी, आणि ते काळे निघाले की खाली पांढरा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उघडा.

टाचेखालची चरबी साधी चरबी नसते. ती धाग्यांच्या उभ्या कप्प्यांत कोंडलेली असते, म्हणून अख्ख्या शरीराचा भार आपटला तरी ती सरकत नाही. ती गेली की तिच्या जोडीची दुसरी अंगावर कुठेच मिळत नाही. मांडीची पातळ कातडी तिथे लावली तर चालताना ती फाटते. पावलाच्या कमानीतून किंवा पिंढरीच्या मागून फ्लॅप आणावा लागतो, आणि तोही पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे पाच टाक्यांची घाई पाच वर्षांचे काम लावून जाते. करायचे होते ते एवढेच: सोललेली कातडी ताणून शिवायची नाही. कडेला ताजे रक्त येते का पाहायचे. पूर्ण सुटलेली कातडी असेल तर तिच्या मागची चरबी खरवडून तीच कातडी ग्राफ्ट, म्हणजे पातळ ठिगळ, म्हणून परत लावायची. शंका असेल तर सैल ड्रेसिंग, पाय उंच, आणि ४८ तासांनी जखम पुन्हा उघडून पाहायची. हे एका पानात मावते. ते पान कॅज्युअल्टीच्या भिंतीवर नाही.

जाता जाता परिवहनवाल्यांनाही एक सांगणे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारे आवरण असावे असे म्हणतो. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगलाच ते काढून टाकणारे थोडे नाहीत, आणि त्यासाठी कुणाची पावती फाटलेली आम्ही पाहिली नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचे झाले, उत्तम झाले. पण हार्नेस मूल पडू देत नाही, लोंबणारी टाच सांभाळत नाही.

आता मोठ्या दुखापतींकडे. मागे येणारा ट्रक, डंपर, लोकलच्या रुळांवर आलेला पाय, अंगावर पडलेले लोखंडी सरकते गेट. पहिली तक्रार पहिल्या तासाची. १५ किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम ११०० मिलीलीटर रक्त असते. त्यातले ३०० गेले म्हणजे पाव हिस्सा गेला, आणि तरी मुलाचे बीपी ठीकच दिसते. नाडी धावत असते, तळहात गार पडलेले असतात, पण केसपेपरवर ‘बीपी नॉर्मल’ लिहिले की मूल ‘स्टेबल’ ठरते. स्टेबल म्हणजे थांबू शकणारे. मग एक्स-रेची रांग, मग ‘आमच्याकडे बेड नाही’, मग रेफरची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक दिले का, किती वाजता दिले, पायाच्या बोटांत रक्तप्रवाह होता का, हे बहुधा नसते. पुढच्या रुग्णालयात पट्टी पुन्हा सोडतात, सगळे पुन्हा वाकून पाहतात, पुन्हा बांधतात. तिसऱ्या ठिकाणी पुन्हा तेच. उघड्या हाडाला अँटिबायोटिकचा पहिला डोस, वजनावर मोजून, तासाभरात जायला हवा. जखमेचा एकच फोटो काढून, ओल्या सलाइन गॉजने झाकून, स्प्लिंट लावून ती थेट ओटीतच उघडायला हवी. फोटो काढायला प्रत्येक रेसिडेंटच्या खिशात फोन आहे. नियम नाही, म्हणून तो खिशातच राहतो.

तुटून वेगळे झालेले पाऊल किंवा बोट थेट बर्फात टाकून आणलेलेही आम्ही पाहतो. बर्फाने पेशी मरतात. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. स्नायूसकट तुटलेला भाग गरम हवेत सहा तासांपलीकडे टिकत नाही, आणि आपल्याकडची हवा गरमच असते. ॲम्ब्युलन्सवाल्यांना, स्टेशनवरच्या वैद्यकीय कक्षांना आणि रेल्वे पोलिसांना हे वर्षातून एकदा शिकवले तरी भागेल.

दुसरी तक्रार आमच्याच घरातली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उघड्या मोडलेल्या हाडाला दोन डॉक्टर लागतात, एक हाड धरणारा आणि एक ते झाकणारा. दोघे पहिल्या ऑपरेशनला एकत्र उभे असले पाहिजेत. कारण फिक्सेटरची पिन कुठे घालायची यावर फ्लॅप कुठून फिरवायचा हे ठरते. नडगीच्या वरच्या तिसऱ्या भागाला पिंढरीचा गॅस्ट्रोक्नेमियस स्नायू पुरतो, मधल्याला सोलियस, आणि खालच्या तिसऱ्या भागाला बहुधा दुसरीकडून रक्तवाहिन्यांसकट आणलेला फ्री फ्लॅप. चुकीच्या जागी पिन घातली की सोपा मार्ग बंद. प्रत्यक्षात मूल हाडांच्या वॉर्डात भरती होते, प्लास्टिक सर्जरीला ‘कॉल’ जातो, कॉलचा कागद दोन दिवसांनी परत येतो, त्यावर लिहिलेले असते, ‘जखम स्वच्छ झाल्यावर कळवा’. मग कोणाच्या बेडवर, कोणाच्या लिस्टवर, कोणाच्या नावावर, यात आठवडा जातो. आम्ही दोन्ही बाजूंचे लोक याला जबाबदार आहोत. पण बेड, लिस्ट आणि युनिट तुम्ही वाटता, आणि तुम्ही ते वेगवेगळे वाटले आहेत.

हा आठवडा किती महाग पडतो हे १९८६ सालापासून छापील आहे. लुब्लियानाचे (आताचा स्लोव्हेनिया देश) सर्जन मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांचा हिशोब मांडला. ७२ तासांत झाकलेल्या जखमांत फ्लॅप फसण्याचे प्रमाण ०.७५ टक्के आणि संसर्ग १.५ टक्के. ७२ तासांनंतर ते तीन महिन्यांपर्यंत झाकलेल्यांत फ्लॅप फसले १२ टक्के, संसर्ग १७.५ टक्के. त्यानंतर अँटिबायोटिक्स सुधारली, व्हॅक्युम ड्रेसिंग आले, तरी उघडे हाड लवकर झाका हा सल्ला कुणी मागे घेतलेला नाही. शेजारच्या राज्यांत कुठे काय आहे हे सांगत बसण्यापेक्षा एकच उदाहरण देतो. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये हाडांचे आणि प्लास्टिकचे सर्जन पहिल्याच टेबलावर एकत्र उभे राहतात, आणि त्यांनी बनवलेला, उघड्या दुखापतींची गंभीरता मोजणारा स्कोअर जगभर वापरतात. म्हणजे हे आपल्या देशात, आपल्या गर्दीत जमते.

व्हॅक्युम ड्रेसिंगबद्दल थोडे सविस्तर, कारण ते आता वाट पाहण्याचे साधन झाले आहे. स्पंज, वर चिकट फिल्म, नळी, पंप. जखमेतले पाणी ओढते, सूज उतरवते, दोन-तीन दिवसांची सोय करते. पण ते उघड्या हाडावर कातडी उगवत नाही. दर ४८ ते ७२ तासांनी बदलायचे असते. लहान मुलाला मोठ्यांचा १२५ मिलीमीटरचा दाब सरसकट द्यायचा नसतो, तो ५० ते १०० च्या दरम्यान वयाप्रमाणे उतरवावा लागतो. पहिला स्पंज चांगला दिसला म्हणून दुसरा, दुसरा झाला म्हणून तिसरा, असे करत तीन आठवडे काढले की हाडाचा वरचा थर वाळतो आणि मग तो छिन्नीने काढावा लागतो. त्या स्पंजच्या किटची चिठ्ठी पुष्कळदा बापाच्या हातात दिली जाते, ‘बाहेरून घेऊन या’ म्हणून. हे चालणार नाही.

तिसरी तक्रार लहान वाटेल, पण वॉर्डात रोज सकाळी दिसते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारापासून मुलाचे तोंड बंद. लिस्टवर त्याचे नाव चौथे. दुपारी दोनला निरोप येतो, आज होणार नाही. मूल चौदा तास उपाशी. परवा पुन्हा तेच. सोललेल्या, वाहत्या जखमेतून प्रथिने जात असतात आणि वरून पोटात काही नाही. दहा दिवसांत असे तीनदा झाले की ग्राफ्ट धरत नाही, आणि मग आम्हीच लिहितो, ‘पूअर न्यूट्रिशन’. साधे पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, साखरपाणी भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालते. दूध आणि हलके खाणे सहा तास आधी. मध्यरात्रीचा नियम यापेक्षा फार जुना आहे. लिस्ट रद्द झाली तर तो निरोप नऊला द्या, दोनला नको.

आणि ड्रेसिंग. चार जणांनी धरून, मावशी डोके दाबतेय, मूल ओरडतेय, आई दाराबाहेर कानावर हात ठेवून उभी. हे शहर स्वतःला वैद्यकीय राजधानी म्हणवते. भुलीचे औषध केटामिन स्वस्त आहे, मॉनिटर आहे, ऑक्सिजन आहे. नसतो तो ड्रेसिंगसाठी वेगळा काढलेला भूलतज्ज्ञाचा अर्धा दिवस. एकदा असे धरून ड्रेसिंग केलेले मूल पुढे फिजिओथेरपिस्टलाही पायाला हात लावू देत नाही, आणि घोटा आखडतो. त्या आखडलेल्या घोट्याची दुरुस्ती पुन्हा ओटीतच.

फ्लॅपची पहिली रात्र तुम्ही एकदा येऊन पाहावी. मुलाच्या पायातली रक्तवाहिनी एक मिलीमीटरच्या आसपास. ती केसापेक्षा बारीक १०-० नायलॉनने सूक्ष्मदर्शकाखाली जोडलेली असते. गारठ्याने, वेदनेने, रडण्यानेसुद्धा ती आकसते. म्हणून खोली उबदार हवी, पाय उशीवर, दुखणे मणक्यातल्या नळीने दाबलेले. सिस्टर दर तासाला बोट दाबून पाहते: रंग, ऊब, दाबल्यावर किती सेकंदांत रक्त परत येते, आणि रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या पेनाएवढ्या डॉपलरमधून येणारा सूं-सूं आवाज. फिकट आणि गार म्हणजे रक्त जात नाही. निळसर, फुगलेला, सुईने टोचल्यावर काळे रक्त झटकन येणारा म्हणजे रक्त परत येत नाही. दोन्हींत हातात काही तास असतात. रात्री दोन वाजता निळा पडलेला फ्लॅप सकाळच्या राउंडपर्यंत थांबत नाही. पण प्रत्यक्षात तो डॉपलर तीन वॉर्डांत मिळून एक, सिस्टर चाळीस बेडना दोन, खोलीचा एसी सगळ्या मजल्याला एकच म्हणून मोठ्यांना सोसेल एवढा थंड, आणि इमर्जन्सी ओटीत त्या वेळी सिझेरियन. सिझेरियन थांबवा असे कुणी म्हणणार नाही. दुसरे टेबल उघडा असे आम्ही म्हणतो. सामानाचेही तसेच. मुलांच्या नडगीला मोठ्यांची ५ मिलीमीटरची पिन लावली तर तिथूनच हाड मोडते. पिन हाडाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून मोठी नको, म्हणजे ३ आणि ४ मिलीमीटरच्या पिना, लहान व्यासाच्या रिंगा आणि हाड धरणाऱ्या बारीक तारा (के-वायर) कपाटात हव्यात. त्या नसतात, कारण खरेदीच्या यादीत ‘फिक्सेटर’ असा एकच शब्द असतो.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या माणसाचा पाय जोडला की तो जोडला. मुलाच्या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असते, कूर्चेचा पातळ थर, आणि उंची तिथून येते. गुडघ्यावरची, मांडीच्या हाडाची प्लेट वर्षाला नऊ-साडेनऊ मिलीमीटर वाढवते, गुडघ्याखालची सुमारे सहा. सात वर्षांच्या मुलाची गुडघ्यावरची प्लेट पूर्ण बंद पडली तर सोळाव्या वर्षी तो पाय साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास आखूड. अर्धीच बंद पडली तर पाय आखूड होण्याबरोबर वाकडाही होतो. हे पहिल्या एक्स-रेत दिसत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने दिसते: हाडावर उमटणारी वाढीची बारीक पांढरी रेघ प्लेटला समांतर न राहता एका बाजूला तिरकी टेकते. त्या वेळी पकडले, प्लेटचा बिघाड निम्म्याहून कमी असेल आणि वाढीची दोन वर्षे तरी उरलेली असतील, तर प्लेटच्या बंद पडलेल्या जागी तयार झालेला हाडाचा पूल कोरून काढून मध्ये चरबी भरता येते आणि पाय पुन्हा वाढू लागतो. ती वेळ टळली की उरते हाड कापून सरळ करणे आणि पायाभोवती लावायच्या इलिझारोव्हच्या रिंगने लांबवणे, दिवसाला एक मिलीमीटर, पाव-पाव मिलीमीटरचे चार फेरे. पाच सेंटिमीटरसाठी पाच-सात महिने पायात रिंग.

म्हणजे सगळे अवलंबून आहे दर सहा महिन्यांच्या एका एक्स-रेवर. आणि नेमके तेच कुणाचे काम नाही. डिस्चार्ज कार्डवर असते, ‘फॉलोअप ओपीडी’. कुठल्या वारी, कुणाकडे, किती वर्षे, काही नाही. जखम भरली, मूल चालू लागले, आईबापांना वाटते बरे झाले. वयाची बारा वर्षे झाली की ते मूल मुलांच्या ओपीडीतून बाहेर पडते आणि मोठ्यांच्या ओपीडीत त्याचा जुना कागद कुणाकडे नसतो. म्हणजे वाढ सगळ्यात जोरात असते त्याच दोन-तीन वर्षांत कुणी पाहत नाही. रिंग लावायला येतात तेव्हा मूल पंधरा वर्षांचे असते आणि सोपे सगळे संपलेले असते.

ग्राफ्टचेही असेच. पाय वाढतो, लावलेली कातडी त्या वेगाने वाढत नाही. घोट्यावरून गेलेला व्रण पाऊल वर ओढतो, मागून गेलेला टाच उचलतो. रात्री ९० अंशातला स्प्लिंट आणि दिवसातले २३ तास प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रणावर दाब ठेवणारा घट्ट पट्टा, वर्षभर तरी. वाढत्या मुलाला ते दर दोन-तीन महिन्यांनी नवे लागते. योजनेचे पॅकेज ऑपरेशनला बांधलेले, या पट्ट्याला नाही. तीन हजारांचा पट्टा मिळाला नाही म्हणून पुढे लाखाचे ऑपरेशन मंजूर होते, हा हिशोब कुठल्या लेखापालाला पटतो ते कळत नाही.

काही पाय वाचवू नयेत, हेही आम्हीच सांगायला हवे. तळव्याची संवेदना आणि टाच दोन्ही गेलेली, स्नायूंचा चेंदा, रक्त बारा तास बंद, अशा पायासाठी मुलाची दहा ऑपरेशने करणे हा त्याच्यावर उपकार नाही. मुले नव्या पायावर आश्चर्य वाटावे अशी धावतात. पण तो पाय कापायचा कसा यातही मुलाचे वेगळे शास्त्र आहे. हाड मध्येच कापले तर ते वाढून टोकदार होते आणि काही वर्षांनी कातडी फोडून बाहेर येते, मग पुन्हा कापणे. शक्य असेल तिथे सांध्यातून कापावे, ग्रोथ प्लेट राखावी. रात्रीच्या रेसिडेंटने एकट्याने, मोठ्यांच्या पुस्तकाप्रमाणे हे ठरवू नये. जीव जात असेल ती गोष्ट वेगळी, एरवी दोन वरिष्ठांच्या सह्या. आणि कृत्रिम पाय एकदा वाटून फोटो काढला की संपत नाही. पाच वर्षांपर्यंत दरवर्षी, बाराव्यापर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे एकविसाव्यापर्यंत तीन-चार वर्षांनी तो नवा लागतो. चौथ्या वर्षी पाय गेलेल्या मुलीला मोठी होईपर्यंत आठ-नऊ पाय लागतील. ते अंदाजपत्रकात आजच दिसायला हवेत. रुळावर पाय गेलेल्या मुलाला तर मोटार अपघाताची योजनाही नाही.

घरी गेल्यावरचे कुणी विचारत नाही म्हणून दोन ओळी. दहा बाय बाराची खोली, सार्वजनिक संडास, पायात रिंग. उकिडवे बसता येत नाही. कमोडची खुर्ची डिस्चार्जच्या आधी द्यायची गोष्ट आहे. पिना रोज उकळून गार केलेल्या पाण्याने पुसायच्या, प्रत्येक पिनेला वेगळा कापूस. हे आईला वॉर्डात तीनदा स्वतःच्या हाताने करून दाखवायला लावायचे, तोंडी सांगायचे नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात रिंगसकट पाय गेला तर लेप्टोचा धोका, कारण पिनेची जागा ही उघडी जखमच असते. शाळेला एक चिठ्ठी हवी: वर्ग तळमजल्यावर, बाकाच्या कडेची जागा, पाय ठेवायला समोर स्टूल. वर्ष वाया जाते ते पायामुळे नाही, जिन्यामुळे.

आमच्या मागण्या सांगतो. मुंबईत मुलांच्या पायाच्या गंभीर दुखापतींसाठी मोजकी केंद्रे ठरवा. प्रत्येक गल्लीत नकोत, पण जी असतील तिथे हाडांचे आणि प्लास्टिकचे सर्जन एकाच ड्युटी रोस्टरवर, रात्रीचे दुसरे टेबल, आणि बेड मुलाच्या नावाचा, विभागाच्या नाही. १०८ ला आणि सगळ्या कॅज्युअल्टींना या केंद्रांचा एकच फोन नंबर द्या. रेफर करताना अँटिबायोटिकची वेळ, बोटांतले रक्त आणि जखमेचा फोटो, या तीन गोष्टींशिवाय चिठ्ठी ग्राह्य धरू नका. उघडे हाड ७२ तासांत झाकले गेले का, याचा आकडा दर महिन्याला प्रसिद्ध करा. नसेल झाकले तर का, तेही एका ओळीत.

लहान पिना, रिंगा, १०-० नायलॉन, व्हॅक्युमचे स्पंज आणि डॉपलर यांची मुलांसाठी वेगळी खरेदी यादी करा. ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी या मुलांपुरती बंद. ड्रेसिंगसाठी आठवड्यातून तीन अर्धे दिवस भूलतज्ज्ञ. उपाशी ठेवण्याचा नवा नियम लेखी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या मुलांसाठी एक लांब पल्ल्याचे पॅकेज जोडा, ज्यात सहामाही एक्स-रे, प्रेशर गारमेंट, स्प्लिंट, उंच तळाचा बूट आणि बदलते कृत्रिम पाय येतील. केंद्र सरकारकडे सात दिवसांची मर्यादा मुलांसाठी वाढवून मागा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा असला तरी त्याचे प्रमाणपत्र रिंगवाल्या मुलापर्यंत पोहोचत नाही. निदान रिंग असेपर्यंत लोकलच्या राखीव डब्यासाठी आणि बेस्टसाठी रुग्णालयाची चिठ्ठी चालेल असे करून घ्या.

आणि प्रत्येक मुलाला एक वही. पायाची वही म्हणा. पहिल्या पानावर दुखापतीचा फोटो आणि कुठली ग्रोथ प्लेट धोक्यात आहे ते, पुढे दर सहा महिन्यांचे एक पान, शेवटचे पान मुलीचे १४ व्या आणि मुलाचे १६ व्या वर्षाचे. वही आईकडे, नक्कल केंद्राकडे. ठरलेल्या महिन्यात मूल आले नाही तर समाजसेवा विभागाने फोन करायचा. लसीकरणाचे कार्ड या शहरातली प्रत्येक आई डब्यात जपून ठेवते, हीही ठेवील.

यातल्या निम्म्या गोष्टींना नवा पैसा लागत नाही, परिपत्रक लागते. मसुदा करून हवा असेल तर आम्ही करून देऊ. उत्तर आम्हाला खासगीत नको. मान्य काय, अमान्य काय आणि का, हे ६० दिवसांत प्रत्येक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीबाहेरच्या फलकावर लावावे, ही विनंती.

कळावे,
मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत मुलांच्या पायांवर काम करणारे काही सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयवांचे कारागीर